चांदी काळी करणारी बाई

वसुधाताईंना "काय, मजेत ना?" असं विचारायची सोय नाही. विचारलंत तर त्या लिफ्टच्या दारातच थबकतात, चष्म्यावरून तुमच्याकडे बघतात आणि म्हणतात, "'मजेत' हे तुम्हीच आत ओतलंत की हो! आता माझ्यात मुळात काय होतं ते कसं कळणार?" तोवर दार बंद होतं. तुम्ही वर जाता, त्या खालीच राहतात, आणि बाई मजेत आहेत की नाहीत हे काही तुम्हाला कळत नाही.

आमची ओळख लिफ्टमध्येच झाली. सिंगापूरच्या तोआ पायोहमधल्या आमच्या ब्लॉकमध्ये मराठी कळणारं दुसरं कुणी नाही, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीच्या जोरावर मी लिफ्टमध्ये फोनवर अख्ख्या ऑफिसची उणीदुणी मोठ्यानं काढत असे. एके संध्याकाळी मी आमच्या साहेबांना बिनडोक म्हणालो.

"डोकं असतंच हो प्रत्येकाला," मागून स्वच्छ मराठीत आवाज आला. "आतलं क्लोराइड बघायला पाहिजे."

मी वळून पाहिलं. पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई. दोन मोठे खिसे असलेला सुती कुडता, पायात धावायचे बूट आणि अंगाला ब्लीचचा वास. मी फोन बंद केला. त्यांनी हसून नाव सांगितलं आणि त्या माझ्याच मजल्यावर उतरल्या. आमच्या दारापासून चौथं दार त्यांचं होतं. एवढे दिवस मी त्यांना तमिळ समजत होतो आणि त्या मला भांडखोर समजत होत्या. त्यातली माझी समजूत चुकीची निघाली.

वसुधाताई इथल्या विद्यापीठात संशोधक आहेत. प्रोफेसर नव्हेत. प्रोफेसर झालं की पेशींपेक्षा माणसांकडे जास्त बघावं लागतं, असं त्यांचं मत आहे. मेंदूतल्या मज्जापेशी आपल्या आतलं क्लोराइड कसं आटोक्यात ठेवतात, हा त्यांचा विषय. क्लोराइड म्हणजे आपल्या मिठातलंच. पण वसुधाताई त्याच्याबद्दल बोलतात ते घरातल्या एखाद्या उडाणटप्पू दिराबद्दल बोलावं तसं. "आज फार आत आलं होतं मेलं," असं त्या कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, घोट घेता घेता म्हणतात, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस आपली कोपी उचलून दुसरीकडे जाऊन बसतो. मराठी कळत नसलं तरी सूर कळतो.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये मॅनेजर आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतो. त्यामुळे कुणी काही शिकवायला लागलं की मला आधी शंका येतात. हा स्वभाव माहीत नसल्यामुळे वसुधाताईंनी मला आमच्या लिफ्टमध्येच मज्जापेशी शिकवायला घेतली.

"समजा, ही लिफ्ट म्हणजे पेशी," असं म्हणून त्यांनी दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं. "माणसं म्हणजे क्लोराइड. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. दार उघडायचं आणि पेशीला शांत करायचं, एवढंच त्याचं काम. आता लिफ्ट रिकामी आहे. दार उघडलं, बाहेरची माणसं आत आली, पेशी शांत. कळलं?"

"कळलं."

"आता समजा, लिफ्ट आधीच खचाखच भरलेली आहे. दार तेच, बटण तेच. उघडल्यावर काय होईल?"

"आतली माणसं बाहेर पडतील."

"धडाधड! म्हणजे शांत व्हायची सोडून पेशी पेटणार. तो बिचारा गाबा सांगतोय 'शांत हो', आणि ही उसळतेय. चूक त्याची नाही, दाराचीही नाही. आत आधीच किती साठलंय त्यावर सगळं ठरतं. म्हणून पेशीला एक पंप दिलाय. आलं क्लोराइड की काढ बाहेर. पुन्हा आलं, पुन्हा काढ. तान्ह्या बाळांच्या मेंदूत हा पंप अजून नीट चालू झालेला नसतो. आणि फिट येण्याच्या काही आजारांत चालू असलेला पंप दमतो. तो का दमतो, ते मी बघते."

एव्हाना लिफ्टनं किंचाळायला सुरुवात केली होती. बाहेर भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या आमच्याच मजल्यावरच्या लिम आंटींनीही. "आय्यो, यू टू! गोइंग अप ऑर नॉट?"

वसुधाताईंनी त्यांना हाताला धरून आत घेतलं आणि प्रेमानं सांगितलं, "आंटी, यू आर क्लोराइड."

"आय ॲम नाइन्थ फ्लोअर लाह," लिम आंटी म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

वसुधाताईंसमोर बसून पाय हलवायचा नाही, हा दुसरा नियम. कामाच्या जागी त्यांच्या भिंगाखाली एक जिवंत पेशी असते आणि तिला केसाहून बारीक काचेची नळी नुसती टेकवलेली असते. कुणी टेबलाला धक्का दिला, जवळून धपाधपा चाललं, की नळी हलते, पेशी हातची जाते आणि दुपार फुकट. त्यामुळे हलणारा पाय दिसला की त्यांचा हात आपोआप त्या गुडघ्यावर जातो. गणपतीच्या दिवसांत आमच्या इथल्या मराठी मंडळींचा नाट्यगीतांचा कार्यक्रम होता. कार्यक्रमाचे अध्यक्ष पहिल्या रांगेत बसून तालात पाय हलवत होते. वसुधाताईंनी त्यांचा गुडघा जो धरला, तो भैरवीपर्यंत सोडला नाही. अध्यक्षांच्या सौभाग्यवती दुसऱ्या रांगेत होत्या. गाण्यापेक्षा आम्हाला त्यांच्या चेहऱ्याकडे बघण्यात जास्त रस होता. पुढच्या वर्षी दोघांच्या खुर्च्या हॉलच्या दोन टोकांना होत्या.

आणि त्यांचं ते ओतणं-मोजणं. त्याची कुळकथा अशी.

पेशीच्या आत क्लोराइड किती आहे हे बघायचं तर नळी टेकवून पेशीचं आवरण फोडायचं, ही सोपी रीत. पण नळीत पाणी असतं, त्या पाण्यातही क्लोराइड असतं. आवरण फोडलं की ते पाणी पेशीत शिरतं. पेशी एवढीशी, नळीतलं पाणी तिच्या मानानं समुद्र. पेशीचं स्वतःचं जे काही होतं ते धुऊन जातं आणि आत राहतं ते तुमचं. त्यांच्या लॅबमध्ये मुंबईचा चिन्मय नावाचा एक नवा संशोधक आला होता. आठवडाभर खपून तो नाचतच आला, "ताई, सगळ्या पेशींमध्ये अगदी एकसारखं क्लोराइड! एवढा स्वच्छ निकाल मी जन्मात पाहिला नाही!"

"तुझ्या नळीत किती होतं?" ताईंनी विचारलं.

चिन्मयनं आकडा सांगितला. तोच आकडा. मग त्याचा चेहरा पडला. ताईंनी त्याला खाली नेऊन नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खाऊ घातला आणि सांगितलं, की आपणही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. वर ते भर सभेत पडद्यावर दाखवलं होतं. स्वतःच ओतायचं, स्वतःच मोजायचं आणि स्वतःच टाळ्या वाजवायच्या, हा या धंद्यातला प्रत्येकानं एकदा करायचा गाढवपणा आहे, असं त्या म्हणतात.

ताईंची रीत वेगळी. त्या नळीत एक जुनं अँटिबायोटिक घालतात. ते पेशीच्या आवरणाला इतकी बारीक भोकं पाडतं, की त्यातून क्लोराइडला ना आत जाता येतं ना बाहेर. पेशी फुटत नाही, तिचं तिच्यापाशी राहतं आणि आत काय चाललंय ते ऐकू मात्र येतं. पण भोकं पडायला कधी कधी तासभर लागतो. तेवढा वेळ काही करायचं नाही. मांडीवर हात ठेवून बसायचं. एरवी पोपटासारखी बोलणारी ही बाई त्या तासात देवळातल्या कासवासारखी निश्चल असते, असं चिन्मय सांगतो.

"ओतू नका, मोजा," हे त्यांचं पालुपद मग आमच्या घरात शिरलं. माझी बायको रेवती आमच्या आठ वर्षांच्या ओवीला विचारायची, "पेपर सोपा होता ना गं?" की आलेल्या ताई खुर्चीतून ओरडायच्या, "ओतलंत!" ओवी खूश. चार दिवसांत तीही तयार झाली. मी हौसेनं रविवारी बटाट्याची भाजी करून विचारलं, "मस्त झालीय ना?" तर पोरगी शांतपणे म्हणाली, "बाबा, यू पोअर्ड." भाजी कशी झाली होती ते मला अजून कळलेलं नाही.

या सगळ्यात माझी आई आली.

वडील गेल्यापासून आई साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहत होती. तिला कायमचं सिंगापूरला आणायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. आधी नुसतं भेटीला म्हणून आणलं, आणि इथे आल्यावर लाँग टर्म पासची, म्हणजे जास्त काळ राहायच्या परवान्याची, खटपट सुरू केली. साताऱ्याचा फ्लॅट भाड्यानं द्यायचं बघायला एका मित्राला सांगून ठेवलं. मी रोज ऑफिसमधून आलो की बूट काढता काढता विचारायचो, "काय आई, करमतंय ना?" आई म्हणायची, "हो रे." "आवडलं ना इथे?" "हो, छान आहे." मला फार समाधान वाटायचं.

आईची आणि वसुधाताईंची भेट कॉरिडॉरमध्ये झाली. ब्लीचच्या वासावरून आईला वाटलं, बाई फार स्वच्छतेच्या भोक्त्या दिसतात. तिनं तसं बोलूनही दाखवलं. तेव्हा ताईंनी खिशातून कागदात गुंडाळलेली एक काळपट तार काढली.

"ही चांदीची आहे. नळीत हीच तार असते. हिला ब्लीचमध्ये बुडवून काळी करावी लागते."

आई उडालीच. दर सणाच्या आदल्या दिवशी निरांजनं आणि तबक रांगोळीनं घासघासून लख्ख करण्यात जिचा जन्म गेला तिला हे सहन होणं कठीण होतं. "चांदी काळी करता? मुद्दाम?"

"चकचकीत चांदीवर आकडा एका जागी टिकत नाही हो. भरकटत जातो. काळी केली की खरं सांगायला लागते."

आईनं तार हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. "आमच्या साताऱ्याच्या मैत्रिणीचं, कुसुमचं असंच आहे," ती म्हणाली. "पार्लरमधून आली की एक शब्द खरा बोलत नाही."

ताई एवढ्या मोठ्यांदा हसल्या, की लिम आंटी दार उघडून बाहेर आल्या.

त्या दिवसापासून दोघींची गट्टी जमली. संध्याकाळी ताई कामावरून आल्या की दोघी ब्लॉकच्या तळमजल्यावर, जिथे म्हातारे पट मांडून बसतात त्या दगडी टेबलापाशी जाऊन बसायच्या. चारआठ दिवसांत "अहो बाई"चं "अगं वसुधा" झालं. मला कुतूहल वाटायचं. एकदा आईला विचारलं, की एवढं काय बोलता?

"ती कुठे बोलते? नुसती बसते," आई म्हणाली. "मी बोलले तर ऐकते. नाही बोलले तरी बसते."

आमच्या घरी ही बाई आली की कुणाला बोलू देत नाही. मला ते पटेना. पण रेवतीनंही तेच पाहिलं होतं. आईशेजारी बसल्या की ताईंचे दोन्ही हात मांडीवर असायचे.

ताईंच्या घरच्यांविषयी आम्हाला फारसं माहीत नव्हतं. लग्न केलेलं नाही, आईवडील गेले, भाऊ परदेशात, कराडचं घर विकून टाकलं, एवढंच तुकड्यातुकड्यांनी कळलं होतं. रेवतीनं एकदा विचारलं, "तुम्ही भारतात जातच नाही का हो?"

"जाते की. कॉन्फरन्सला," ताई म्हणाल्या. "बंगलोरच्या त्या हॉटेलात सकाळी पोहे देतात. बरे असतात." आणि लगेच त्या ओवीला पंपाबद्दल सांगायला लागल्या.

पास मिळायची चिन्हं दिसायला लागली तसा मी उत्साहात आलो. आईला सिंगापूर आणखी आवडावं म्हणून एका रविवारी पुलाउ उबीन या बेटावर जायचा बेत काढला. तिथे जुनी लाकडी घरं आहेत, नारळ आहेत, कोंबड्या आहेत, आईला गावाकडे गेल्यासारखं वाटेल असा माझा हिशेब. वसुधाताईही निघाल्या. बेटावर न्यायला लाकडी बोटी असतात, आणि बारा माणसं जमल्याशिवाय नावाडी हलत नाही. आम्ही पाच होतो. ताईंनी धक्क्यावर उभं राहून सायकलवाल्या पोरांना हाका मारून मारून उरलेले सात जमवले, आणि बोट सुटल्यावर त्या सातांना आईची ओळख करून दिली. आईनं सगळ्यांना एकेक तिळाची वडी दिली.

बेटावर आम्ही सायकली भाड्यानं घेतल्या. ताई सायकल चालवतात ती वाहतुकीचे सगळे नियम पाळून. रस्त्यावर एक कोंबडा सोडून दुसरं कुणी नव्हतं, तरी वळायच्या आधी हात दाखवत होत्या. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती धक्क्याजवळच्या एका बाकावर शहाळं घेऊन बसली. थोड्या वेळानं माझ्या सायकलची साखळी निसटली. मी सायकल ढकलत परत आलो आणि बाकाच्या मागे झाडाखाली ती उलटी करून बसलो. तेवढ्यात ताईही परतल्या आणि आईशेजारी बसल्या. मी मागे आहे हे दोघींच्या ध्यानातही नव्हतं.

बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. समुद्राकडे बघत बसल्या. मी साखळीशी झटापट करत होतो. आईनं शहाळं संपवलं, पायाशी ठेवलं आणि म्हणाली, "वसुधा, मला परत जायचंय गं."

माझा हात साखळीतच राहिला. ताई काही बोलल्या नाहीत.

"माझं तिथे एक भांडण अर्धं राहिलंय," आई म्हणाली. "कुसुमनं चारचौघींत माझ्या लोणच्याला खारट म्हटलं. मी उत्तर देणार, तेवढ्यात मंदारनं मला विमानात बसवून आणलं. आता ती तिकडे सगळ्यांना सांगत असेल, की बाई पळून गेली."

तरीही ताई गप्प.

"इथे वाईट काही नाही. सून चांगली आहे, नात गुणाची आहे. मंदार तर मला फुलासारखं जपतो. पण सगळे माझ्याशी इतकं गोड बोलतात, की सारखं पाहुणी असल्यासारखं वाटतं. सकाळी उठून गुडघे पोचवतील तिथवर किल्ला चढायचा, खाली येऊन चहा प्यायचा, कुसुमशी भांडायचं, मग दुसऱ्या दिवशी तिनंच हाक मारायला यायचं. मला ते पाहिजे गं. मंदारला कसं सांगू? तो विचारतो तेव्हा 'हो' म्हणण्यावाचून जागाच ठेवत नाही."

मला संताप आला. खोटं कशाला सांगू? आईचा नाही आला, ताईंचा आला. मी तेलकट हातांनी तसाच पुढे गेलो. "हे तुम्ही भरवलंत तिच्या डोक्यात! रोज संध्याकाळी बसून हेच चाललं होतं ना?"

ताई दचकल्या. एरवी ज्या माझ्या एका वाक्याला दहा उत्तरं देतात, त्यांनी तोंड उघडलं नाही. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"ती एक अक्षर बोलली नाही रे," आई म्हणाली. "म्हणून तर मला बोलता आलं."

ओवी मघाशीच येऊन सायकलवर एक पाय टेकून उभी होती. ती इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू ऑल्वेज आस्क लाइक ऑलरेडी गॉट आन्सर वन."

परतीच्या बोटीत मी कुणाशी बोललो नाही. माझी आई मला न सांगता शेजारच्या बाईला सांगते, हे मनाला फार लागलं होतं. चार दिवस घुम्यासारखा राहिलो. पाचव्या दिवशी ऑफिसमधून आलो, बूट काढले आणि आईसमोर जाऊन बसलो. काय विचारावं ते सुचेना, म्हणून काहीच विचारलं नाही. माझा पाय हलायला लागला तो हातानं धरून ठेवला. बऱ्याच वेळानं आई म्हणाली, "पुढच्या महिन्याचं तिकीट मिळेल का रे?" मी हो म्हणालो. मग तिनं मला कुसुम आणि लोणचं हे प्रकरण पहिल्यापासून सांगितलं. त्याला एवढे फाटे होते, की रेवतीनं मध्ये दोनदा चहा केला. आई इतक्या उत्साहानं बोलताना मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. साताऱ्याच्या मित्राला मी त्याच वेळी फोन करून सांगितलं, की फ्लॅटला भाडेकरू नको.

दुसऱ्या दिवशी आईनं थालीपिठं केली आणि त्यातली चार डब्यात घालून माझ्या हाती ताईंकडे पाठवली. एवढ्या दिवसांत मी ताईंच्या दारापर्यंतच गेलेलो होतो. आत गेलो. एक टेबल, एक खुर्ची, एक पुस्तकांचं कपाट. ओट्यावर एक कप उपडा घातलेला. आणि खिडकीपाशी, जिथून वारा येतो तिथे, एक नवीकोरी आरामखुर्ची. बेताच्या उंचीची, रुंद हातांची, गुडघेदुखीच्या माणसाला हातावर जोर देऊन सहज उठता येईल अशी. तिच्यावर गादी घातलेली होती आणि गादीला हातानं शिवलेला अभ्रा होता. टाके वाकडेतिकडे होते.

"ही कुणासाठी?" मी विचारलं.

"तुम्ही दुपारी सगळे बाहेर असता ना. म्हटलं, मीही आठवड्यातून एक-दोन दुपारी घरूनच लिहिते. त्यांना इथे येऊन बसायला बरं." ताईंनी डबा घेतला आणि ओट्यावर ठेवला. "खुर्चीचे पाय लांब होते, दुकानवाल्यानं थोडे कापून दिले."

मी खुर्चीकडे बघत उभा राहिलो. "म्हणजे आईनं इथे राहावं असं तुम्हाला वाटत होतं."

"होतं की. फार वाटत होतं," ताई म्हणाल्या. "त्या बाकावर त्या गप्प होत्या ना, तेव्हा मी एकदा नुसतं म्हटलं असतं, 'वहिनी, इथे किती छान आहे नाही,' तर त्या 'हो' म्हणून मोकळ्या झाल्या असत्या. त्यांचा स्वभावच तसा आहे. आणि मला ते खरंही वाटलं असतं." त्या चष्मा पुसायला लागल्या. "सहा वाजले की हल्ली माझं लॅबमध्ये लक्ष लागत नाही हो. खाली कुणीतरी आपली वाट बघत बसलंय म्हटल्यावर... तुम्ही थालीपीठ खाल ना माझ्याबरोबर? बघा, ओतलं मी. खायचं तर खा."

मी खाल्लं. त्या नवीन खुर्चीत मात्र दोघांपैकी कुणीच बसलं नाही. मी ओट्याला टेकून खाल्लं.

घरी येऊन मी आईला त्या खुर्चीची गोष्ट सांगितली. आई बॅगेतले कपडे पुन्हा काढून नव्यानं घड्या घालत बसली.

विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. ताईंनी आईसाठी मेंदूचं चित्र असलेला एक कप आणला होता. "कुसुमताईंना यात चहा द्या," असं त्या सांगत होत्या, हसत होत्या, ओवीला चिडवत होत्या. आईनं कप पिशवीत ठेवला आणि ताईंचा हात धरला.

"मे महिन्यात यायचं."

"मे महिन्यात माझ्या पेशी..."

"पेशी चिन्मयला सांभाळू देत. आठ दिवस यायचं. माहेरपणाला."

ताईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मी आईला हे शिकवून आणलंय की काय अशा नजरेनं. मी मान हलवून नाही म्हणालो. मग त्यांनी वाकून आईला नमस्कार केला आणि बराच वेळ त्या वर झाल्याच नाहीत. लिम आंटींची बहीण त्याच विमानतळावर कामाला आहे. तिनं नंतर आंटींना सांगितलं, की तुमच्या मजल्यावरच्या त्या हसऱ्या बाई कॉफीच्या दुकानाशेजारी उभ्या राहून खूप रडत होत्या. आम्हाला त्या म्हणाल्या होत्या, की मी जरा टॉयलेटला जाऊन येते.

मे महिन्यात ताई साताऱ्याला गेल्या. जाताना आईसाठी काय न्यावं याची त्यांनी रेवतीबरोबर महिनाभर आधीपासून चर्चा केली आणि शेवटी खजूर, काजू, छत्री आणि गुडघ्याला चोळायचं वाघाचं मलम एवढं घेऊन गेल्या. पहिले तीन दिवस दोघींपैकी कुणाचा फोन नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसमधूनच व्हिडिओ कॉल लावला. आईनं उचलला. पडद्यावर आधी तिचं कपाळ दिसलं, मग पंखा, मग पुन्हा कपाळ.

"काय चाललंय?" मी विचारलं. माझी सुधारणा बघा.

आई कुजबुजत म्हणाली, "अरे, मजा झाली. कुसुमनं हिलाच पंच केलं. दोघींची लोणची समोर ठेवली. मी म्हटलं, झालं, ही आता माझ्या बाजूनं बोलणार. तर ही म्हणते, दोन्ही खारट आहेत! कुसुम इतकी हसली, इतकी हसली, आता रोज हिला हाक मारायला येते. मला सोडून. आज दोघी किल्ल्यावर पुढे निघून गेल्या."

"ताईंना दे ना फोन."

"झोपलीय."

"या वेळी?"

"जेवली, पाठ टेकते म्हणाली आणि लागला डोळा. दोन तास झाले. सकाळी डोक्याला तेल घातलंय ना मी." आईनं फोन थोडा वळवला. अर्धवट लोटलेल्या दारातून चटईवर पाय दिसत होते. पंखा फिरत होता आणि कुणीतरी अंगावर जुनं लुगडं टाकलेलं होतं.

"चिन्मयचा फोन आला होता मला. त्यांचं काहीतरी अडलंय म्हणे. जरा उठव ना."

"मुळीच नाही," आई दबक्या आवाजात माझ्यावर खेकसली. "माहेरी आलेल्या पोरीला कुणी झोपेतून उठवतं का? ठेव फोन." आणि तिनंच तो बंद केला.